आंबीच्या मशीनचा निरोप

"काय छापलंय ते जसंच्या तसं वाचा," रिसीव्हर खांद्याशी दाबत कस्तुरा म्हणाली.

"अवेटिंग रिप्लाय," पलीकडून हौशीराम म्हणाला. "येवढंच हाय बाई. म्होरं काय बी न्हाई."

आंबीच्या कारखान्यात मालाचा हिशोब ठेवायला कॉम्प्युटर बसवला, तेव्हापासून त्याच्या दुरुस्तीचं काम लोणावळ्याच्या केंद्रात कस्तुराकडे होतं. मशीन कुठं अडलं, की शेजारच्या टाइपरायटरवर इंग्रजी ओळ छापून ते गप्प बसायचं. मग सुदुंबऱ्याचा हौशीराम, मॅट्रिक झालेला त्याचा ऑपरेटर, ट्रंक कॉल लावायचा. पहिल्यांदा 'टेप नॉट रेडी' आलं, तेव्हा बिचाऱ्याला वाटलं, मशीन आपल्याला शिव्या देतंय. कस्तुरा इतकी हसली होती, की एक्सचेंजवाल्या बाईंनी मध्ये येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना?

तेव्हापासून ती त्याला एकेक ओळ समजावत आली होती. कधी टेपवर धूळ असे, कधी वायर सैल. एकदा पाल निघाली. काम झालं, तरी दोघांपैकी कुणीच आधी फोन ठेवत नसे.

आज मात्र तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. केंद्रप्रमुख ढोरे साहेबांनी तिला कानपूरची बढती देऊ केली होती. मोठं केंद्र, हाताखाली माणसं. घरी आईनं तर पेढेसुद्धा वाटले होते. साहेब बँकेतून परतेपर्यंत हो की नाही सांगायचं होतं.

"हौशीराम, शेवटची ओळ खरं कारण कधीच सांगत नाही," ती म्हणाली. "बिघाड त्याच्या आधी झालेला असतो. वरच्या ओळी वाचा."

"वरच्या?" तो अडखळला. "वर... वर लिवलंय, नो रिस्पॉन्स. सोमवारी."

"सोमवारी मी रजेवर होते."

"व्हय. मशीनला म्हाईत नव्हतं."

कस्तुरानं ओठ दाबून हसू आवरलं. घाट चढून आलेली मालगाडी बाहेर धडधडत गेली.

"आवाज कसा येतोय मशीनचा? ऐकवा जरा."

त्यानं बहुतेक रिसीव्हर लांब धरला. ठप. ठप ठप. मध्येच कुणीतरी जोरात शिंकलं.

"आज फारच आपटतंय."

"लय तापलंय, बाई."

"तीन मिनिटं झाली," एक्सचेंजवाल्या बाई मध्ये आल्या. "वाढवू का?"

"वाढवा," दोघं एकदमच म्हणाले.

मग कस्तुरानंच विचारलं, "मशीन उत्तराची वाट बघतंय म्हणता. पण त्यानं विचारलंय काय?"

"ते छापत न्हाई," हौशीराम हळूच म्हणाला. "त्याला धीर व्हत न्हाई."

कस्तुराच्या हातातली पेन्सिल थांबली. खिडकीतून धुकं आत येत होतं. तिनं उठून खिडकी लावली नाही.

"हे फोनवर सुटायचं नाही," ती म्हणाली. "उद्या मी स्वतः येते आंबीला."

"तुमी? हितं?" त्याचा आवाज चिरकला. "न्हाई न्हाई, बाई, कशाला तरास! करतो मी कायतरी. बंद करून चालू करतो."

"काही करू नका. मशीनला हात लावायचा नाही आणि जागचं हलवायचं नाही. दुपारच्या गाडीनं तळेगावला उतरते. घ्यायला या."

"व्हय," तो कसाबसा म्हणाला. "येतो. यष्टीनं नगं, सायकल आणतो."

साहेब परतले, तेव्हा ती टेबल आवरत होती.

"काय ठरलं मग? कानपूर?"

"जमायचं नाही, साहेब."

"अगं, पण का?"

"आंबीचं मशीन फार त्रास देतंय. मलाच तिथं लक्ष द्यावं लागेल."

ढोरे साहेबांनी चष्मा काढला. तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या टेबलामागे पाहिलं. कारखान्यानं गेल्या आठवड्यात कायमचं परत केलेलं आंबीचं मशीन तिथंच होतं, कस्तुरानं स्वतःच्या हातांनी सुटं करून खोक्यांत भरलेलं.