खाजेची वही

"सात वाजून दहा मिनिटं. डावा हात, कोपराच्या वर." त्याने लिहिलं. कारखान्यातून येऊन अजून बूटही काढले नव्हते. समोर बायको रक्त येईपर्यंत हात खाजवत होती.

आठ महिने हेच चाललं होतं. रक्त तपासलं, कातडीचा तुकडा तपासला, सगळं चोख. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खाज खरी आहे, पण कारण कातडीत नाही. मनावर कसला तरी ताण आहे. कधी सुटते, जवळ कोण असतं, लिहीत जा."

लिहायचं काम त्याने आपणहून घेतलं. पंपांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. घोडं कुठे पेंड खातंय ते कळेपर्यंत एकेक भाग बाजूला काढायचा, ही त्याची रीत. एवढं करणारा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं शेजारपाजारचे म्हणत.

आधी साबण गेला, मग लोकरी पांघरूण. मांजर शेजारी दिलं. तिथे ते दोन दिवसांत रुळलंसुद्धा. खाज काही जाईना.

"वहीत तुझ्या आईचं नाव सतरा वेळा आलंय," तो एकदा म्हणाला.

"आई इथेच राहते. येणारच."

"मी दोष देत नाही गं. वही सांगतेय."

"तुम्ही म्हणाल तसं."

सासूबाई मुलाकडे राहायला गेल्या. निघताना लेकीच्या हातावरून हात फिरवत नुसत्या रडल्या. त्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून. पण त्याला बायको बरी व्हायला हवी होती.

खाज वाढली. 'जवळ कोण' या रकान्यात तो आता रोज एकच लिही: कोणी नाही. तो पार थकला. असला बिघाड त्याने जन्मात पाहिला नव्हता.

अशात कारखान्याने त्याला दहा दिवस परगावी पाठवलं. निघताना त्याने वही तिच्याकडे दिली.

"एकही दिवस चुकवू नकोस हं."

"नाही चुकवणार."

परतल्यावर हातपाय धुऊन तो टेबलाशी बसला. वही समोरच होती. ती आत चहा टाकत होती.

दहा दिवसांची दहा पानं. प्रत्येकावर तारीख, आणि खाली तिच्या बारीक अक्षरात 'खाज नाही'. त्याचे डोळे भरून आले. सुटली बिचारी एकदाची!

त्याने पान उलटून आजचं काढलं. अक्षर घाईचं होतं.

'सात वाजून दहा मिनिटं. दोन्ही हात. कुलपात किल्ली फिरली.'