न वाकता

"वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही," डॉक्टरांनी वृंदाला घरी सोडताना तिच्या सासूबाईंसमोरच बजावलं होतं. कमरेचे झिजलेले मणके स्क्रू आणि सळ्या घालून जोडले होते.

त्याच संध्याकाळी तिनं देवापाशी दिवा लावला. दिवा लागला की सुनेनं सासूच्या पाया पडायचं, हा या घरचा नेम. ताप असो, डोहाळे असोत, तो कधी चुकला नव्हता. आज कमरेचा पट्टा सावरत वृंदानं उभ्यानंच हात जोडले.

सासूबाई म्हणाल्या, "बरं. तुला वाकायचं नाही ना? मीच वर येते."

नवऱ्यानं प्लॅस्टिकची खुर्ची आणली, आईला हात देऊन जेवणाच्या टेबलावर चढवलं आणि बायकोची नजर चुकवत तो औषधं आणायला बाहेर पडला.

सासूबाईंनी साडी घोट्यांवर घेतली. पावलं आता बरोबर वृंदाच्या हाताशी आली होती. "हं, कर."

तिनं ताठ उभ्यानं नमस्कार केला. भरघोस आशीर्वाद मिळाला. मग सासूबाईंनी उतरण्यासाठी एक पाय खाली सोडला. तो काही खुर्चीपर्यंत पोचेना.

"अगं, धर मला! पडेन मी!"

"वजन उचलायचं नाही, आई. तुमच्यासमोरच सांगितलंय ना?"

वृंदानं ती खुर्ची हलकेच आपल्याकडे ओढली आणि डॉक्टरांनी शिकवलं होतं तशी, पाठ अगदी सरळ ठेवून, तिच्यावर बसली.