घरच्या माणसाची मंजुरी

कंपनीच्या संगणकप्रमुखानं पासवर्ड मोडीत काढले आणि लॉगिनची नवी पद्धत बसवली. आत शिरायचं तर दुसऱ्या कुणीतरी आपल्या फोनवर 'होय, हा तोच आहे' अशी मंजुरी द्यायची. स्वतःसाठी त्यानं हिशेब विभागात काम करणाऱ्या बायकोचा नंबर टाकला. घरचंच माणूस, नाही थोडंच म्हणणार?

पहिल्याच दिवशी साहेबांसमोर, मोठ्या पडद्यावर, त्यानं लॉगिन करून दाखवायला घेतलं. 'मंजुरी नाकारली.' पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्याला सकाळचं भांडण आठवलं. सकाळी 'तुझं आवरेपर्यंत दिवस मावळेल' असं बायकोला सुनावून तो एकटाच गाडी काढून निघाला होता. आता ती उट्टं काढणार नाही तर काय करणार?

जिना उतरून तो हिशेब विभागात गेला आणि सगळ्यांच्या देखत हात जोडून म्हणाला, "चुकलो मी. आता तरी 'होय' दाब."

"चुकलासच," ती म्हणाली. "पण तू पुढे निघून गेलास, त्या धावपळीत माझा फोन घरीच राहिला. माझी आई आहे ना घरी, तिच्याकडे आहे."

त्यानं तिथूनच फोन लावला.



"बरं झालं फोन केलात, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "मघापासून कुणी भामटा तुमच्या नावानं आत शिरायला बघतोय. तीनदा हाकलून लावला मी त्याला."