मंगळवारचं संत्रं

पुढच्या महिन्यापासून कॅसिनोची फुकट बस कॅन्सल, कारण बसमधलं कुणी स्वतःचा डॉलर खेळतच नाही, असं ड्रायव्हरनं सांगितलं आणि गद्रेकाकांनी मान खाली घातली. कॅसिनोनं दिलेलं कूपन तेवढं खेळायचं, जिंकलेलं खिशात घालायचं, ही युक्ती अख्ख्या बसला त्यांनीच शिकवली होती. पण ते दर मंगळवारी पार्सिपनी गावाहून निघायचे शेजारच्या सीटवरच्या शैलजाबाईंसाठी. बाई संत्रं सोलायच्या आणि अर्धं न विचारता त्यांच्या हातावर ठेवायच्या. आज संत्रं पर्समध्येच राहिलं. "आता कुठली भेट, गद्रे?" त्या म्हणाल्या. कॅसिनोत शिरताच गद्रेकाकांनी स्वतःची शंभराची नोट मशीनमध्ये सरकवली. "अहो, वेड लागलं का? हरणार तुम्ही!" "हरायलाच बसलोय. कॅसिनोलाही बस परवडायला नको?"  शेजारच्या मशीनसमोर बसून शैलजाबाईंनी पर्स उघडली. आधी नोट काढली, मग संत्रं.