डावी बाजू

अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवायला जे त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहतात, त्या पाच जणांत डेरेल सगळ्यांत जुना. दहा वर्षं त्याने टीमची डावी बाजू सांभाळली. 'त्याचा पहिला पाय आता उशिरा पडतो,' हे टीमची अ‍ॅनॅलिस्ट प्रीता हिनेच रिपोर्टमध्ये लिहिलं, आणि आज सकाळच्या मीटिंगमध्ये त्याला टीममधून काढायचं ठरलं. तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. आईचा फोनही तिने दोनदा कट केला.

दुपारी डेरेल तिच्या केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. अख्खं दार भरलं.

"रिपोर्ट तुझा?"

"हो. पण आकडे खोटे नव्हते, डेरेल."

"माहीत आहे. गुडघा माझाच आहे." तो खुर्चीत सावकाश टेकला. "वर्षभर त्याचं दुखणं सगळ्यांपासून लपवलं. प्रत्येक मॅचला वाटायचं, आज माझ्यापायी क्वार्टरबॅक जायबंदी होणार."

प्रीताने पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली.

"माझ्या जागी जो येतोय, त्याचे व्हिडिओ लाव," तो म्हणाला. "त्याचं कुठे चुकतंय ते त्याला सांगून जातो. बॅग काय, उद्याही भरता येईल."