कमान

खाली करायची गाडी आधी वर उचलावी लागते.

वर.

खेमसिंग मिस्त्रीनं जॅकचा दांडा पुन्हा दाबला. जुन्या पिकअपची मागची चाकं जमिनीवरून सुटली. पुढच्या चाकांना दगड लावलेले होते. त्यानं चेसीखाली दोन्हीकडून सागाचे ठोकळे सरकवले, भार त्यांच्यावर घेतला, हौद्याला खांदा लावून गाडी ढकलून पाहिली. हलली नाही. तेव्हा तो खाली शिरला.

"रेतीची पोती टाकली असती तं बसली असती गाडी," बाजूला उकिडवा बसलेला भीमराज म्हणाला. गाडी त्याची होती.

"अन् पोरगी कुठं निजली असती? पोत्यावर?" खेमसिंग खालून बोलला.

फाळक्याजवळ उभी असलेली सत्यशीला, भीमराजची बायको, हसली नाही. त्यांच्या मुलीचे, मैत्रेयीचे, दिवस भरत आले होते. गावापासून दिग्रसच्या दवाखान्यापर्यंत नुसते खड्डे. कापसासाठी म्हणून भीमराजनं मागच्या चाकांवरच्या दोन्ही कमानींत, म्हणजे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांत, एकेक जाड पाटा जास्तीचा घातला होता. भरली की गाडी डौलात चाले. रिकामी कोंबडीसारखी मागून वर राही, आणि आतल्या माणसाला उडवी.

"कापूस भरला की बसते ते आपोआप."

"कोणता कापूस?" सत्यशीला म्हणाली. "औंदाचा सारा कापूस म्या डोक्यावर नेला. गाडी लागली काय तुमाले?"

भीमराजनं समोर पाहिलं. गॅरेज बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात होतं. फाटकावर लोखंडी कमान. वरचं नाव गळून पडलेलं. याच कमानीखालून तो भरली गाडी आत घाली. कापूस तुडवून दमलेली सत्यशीला ढिगाच्या माथ्यावर बसलेली असे. फाटक आलं की तो आतून ओरडे, "मान!" ती वाके. लोखंड तिच्या पदराला घासून जाई.

त्यानं उठून पाना घेतला आणि पाट्यांच्या मधल्या बोल्टला लावला.

"हात काढ!" खेमसिंगनं त्याचं मनगट पकडलं. "दाबात हायेत ते. सुटले तं थोबाड घेऊन जातीन. कायची घाई झाली तुले?"

घाई नव्हती. उलटंच होतं. पण तसं सांगता येत नाही.

खेमसिंगनं पाटे शिकंज्यात आवळले, बोल्ट काढला, मग शिकंजा सैल करत गेला. जरासा. आणखी जरासा. पाटे एकमेकांपासून विलग झाले. इतक्या वर्षांचा जोर त्यांनी कुणालाही न लागता सोडून दिला.

दुसरी बाजू. तसंच.

लांब बोल्टांच्या जागी आखूड बोल्ट बसले. नट आवळले गेले. निघालेले दोन पाटे भुईवर होते. भीमराजनं एक उचलला. वर गंज, पण जिथं पाट्यावर पाटा घासायचा तिथं लोखंड चांदीसारखं.

"पुन्हा बसतीन ना हे?"

"बसतीन," खेमसिंग हात पुसत म्हणाला. "भरायले काई असन तं."

सत्यशीलेनं त्याच्या हातातून पाटा घेतला, हौद्यात ठेवला. मग दुसरा. "भंगारात नाई द्यायचे," ती कुणाकडंही न पाहता म्हणाली.

खाली.

ठोकळे निघाले. गाडी टेकली, मागून चार बोटं बसली. बसली ती बसलीच. पुन्हा उठली नाही.

"एक चक्कर मारून आणा, मंग नट पुन्हा कसतो. वहिनी, तुमी मागं बसा. पोरीच्या जागेवर. दणका लागला तं सांगजा."

सत्यशीला कुणाचा हात न घेता चढली. हौद्याच्या तळाशी बसली. पाटे मांडीशी घेतले.

गाडी रस्त्यावर आली. खड्डा. पाटे खणखणले, ती नाही. आणखी एक खड्डा. पोटावर हात ठेवून तिनं अंदाज घेतला, जसं काही पोट तिचंच होतं. "निजंल," ती म्हणाली. "पोरगी निजंल आरामात."

पुढं भीमराजला ते ऐकू गेलं नाही.

वळून गाडी परत आली. खेमसिंग पाना घेऊन शेडच्या तोंडाशी उभा होता. फाटक जवळ आलं. भीमराजनं वेग कमी केला, हॉर्न दिला, आणि खिडकीतून डोकं काढून ओरडला,

"मान!"

तळाशी बसलेल्या सत्यशीलेनं झटकन मान खाली घातली. पदर सावरला.

वरून कमान गेली. तिच्या डोक्यापासून कमानीपर्यंत कापसाचा ढीग मावेल एवढं आभाळ होतं.