धाकटीचा अल्बम

धाकटी बहीण देवाघरी गेल्यावर ताईने दोघींच्या फोटोंच्या वेबसाइटवरचं धाकटीचं खातं स्वतःच्या हाताने बंद केलं. आज तिने तिथे नवा पहारा बसवला: आधी लॉगिन, मग मागितलेलं पान; आणि लॉगिननंतर जायचा पत्ता परक्या साइटचा असला, तर तिकडे न जाता सरळ आपलंच मुखपृष्ठ.

"एवढी कुलपं कशाला गं? फोटो कोण पळवणार?" मैत्रीण फोनवर हसली.

"तेवढेच तर उरलेत माझ्याजवळ."

फोन ठेवून ताईने परका पत्ता घालून पाहिला. मुखपृष्ठ आलं. हायसं वाटलं.

मग लॉगआउट करून तिने धाकटीचा अल्बम मागितला. पासवर्ड बरोबर होता, तरी लॉगिनचंच पान परत आलं. पुन्हा टाकला, पुन्हा तेच.

या खेपेला मात्र पासवर्डच्या चौकटीखाली तिने कधीच न लिहिलेली ओळ होती.

"ताई, थोडं थांब ना. माझं बघून व्हायचंय."